राफाएल झिराडकरची हलकी रायफल

राफाएल झिराडकरला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी बेसिंगस्टोकच्या रायफल क्लबात तो शिकाऱ्याच्या घराण्यातला म्हणून ओळखला जायचा. ही ओळख त्याची त्यानंच करून दिली होती.

घराणं मूळचं अलिबागकडचं, बेने इस्राएल ज्यूंचं. आजोबांपर्यंत तेलाचा घाणा होता. वडील मुंबईत आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटले. राफाएल आग्रीपाड्यात वाढला, ड्राफ्ट्समनचा कोर्स करून इंग्लंडला आला आणि काही वर्षं लंडनमध्ये काढून बेसिंगस्टोकच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत स्थिरावला. दिवसभर उंच टेबलापाशी उभं राहून तो पेन्सिलीनं रेघा ओढायचा. रेघ अशी, की दुसऱ्यांदा ओढावी लागू नये. पण नकाशावर सही कायम दुसऱ्याची असायची. बुटका, काटकुळा, बोलायला मऊ. ऑफिसात सगळ्यांना आवडायचा, आणि बढतीच्या वेळी कुणालाच आठवायचा नाही.

क्लबात त्याला नेलं ते ऑफिसातल्याच एकानं. सगळे भाड्याच्या जड रायफली घेऊन कागदावर गोळ्या मारत, मग शेजारच्या खोलीत चहा किंवा बिअर. एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी राफाएलचा एकही नेम कागदावर लागला नाही. रायफल खांद्याला लावली की थोड्याच वेळात त्याचा डावा हात थरथरायचा. चहा पिताना कुणीतरी गमतीनं विचारलं, "काय रॅफ, तुमच्याकडे वाघ मारतात ना?" एरवी तो हसून सोडून द्यायचा. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "वाघ नाही, बिबटे. माझे काका सुभेदार होते. मी त्यांच्याबरोबर जायचो."

काका लष्करात होते हे खरं, पण पुण्याच्या भांडारात कांबळी वाटायचे. बिबट्या त्यांनी पाहिला असेल तर राणीच्या बागेत, पिंजऱ्यात. खोलीतले सगळे मात्र राफाएलकडे वळून बसले. कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. त्या खुर्चीत बसायला त्याला फार बरं वाटलं. मग पुढच्या आठवड्यात बिबट्याला पाणवठा फुटला, त्याच्या पुढच्या आठवड्यात मचाण.

ही गोष्ट ॲटवेलबाईंच्या कानावर गेली. जोन ॲटवेल म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीखाली मेंढ्या पाळणारी साठीची विधवा. नवरा गेल्यावर तिनं कळप एकटीनं सांभाळला होता. वसंतात मेंढ्या व्यायल्या की कोल्हे येत आणि नुकतं जन्मलेलं कोकरू उचलून नेत. आजवर कोल्हे मारायला येणारा म्हातारा आता गुडघेदुखीनं घरी बसला होता. बाईंनी क्लबाच्या सेक्रेटरीला विचारलं, आणि सेक्रेटरीनं छाती फुगवून राफाएलचं नाव सांगितलं.

नाही म्हणायला ती वेळ होती. राफाएल म्हणाला, "येईन की."

घरी रेचलनं ऐकलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. शाळेच्या किचनमध्ये दिवसभर इंग्लिश जेवण शिजवून आली तरी घरी तिला पोळीच लागे.

"शिकार? तुम्ही?" तिनं लाटणं खाली ठेवलं. "अहो, आपल्यात शिकार हे एसावाचं काम. त्याच्या भावाचं, आपल्या याकोबाचं नव्हे. आपल्यात मारतात ते खाण्यापुरतं, आणि तेही देवाचं नाव घेऊन, सुरी परजून, एका फटक्यात. दुसरा फटका मारावा लागला तर ते मटणसुद्धा चालत नाही."

"कोल्हा खायचा नाहीये, रेचल. मेंढपाळबाईला मदत आहे."

"मदत करायची तर दुसरं कुणी मिळेल त्यांना. तुम्हाला येतं का?"

"शिकेन."

"मग त्यांना तसं सांगा."

ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

पोलिसांचा परवाना मिळाला. हवालदार घरी येऊन जिन्याखालचं लोखंडी कपाट हलवून बघून गेला. बाईंच्या शेताची परवानगी होतीच. राहिली रायफल. शनिवारी प्रार्थना करायची सोडून राफाएल प्रिचर्डच्या बंदुकांच्या दुकानात गेला. प्रिचर्ड हा लांब मानेचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या.

पहिली जाड नळीची, जड. एक गोळी झाडली की हातानं खटका मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर, मग दुसरी गोळी. दुसरी अमेरिकन, सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढत राहायचा, गोळ्या आपोआप भरल्या जायच्या. त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, ती परवान्यावर मिळत असे.

राफाएलनं पहिली खांद्याला लावून पाहिली. हात नेहमीसारखा थरथरला. मग दुसरी उचलली आणि तो चकितच झाला. छत्रीसारखी हलकी. समोरच्या आरशात त्याला स्वतःचं रूप दिसलं: रायफल खांद्याला, कोपर वर, मान कलती. आरशातला माणूस बुटका वाटत नव्हता.

काउंटरवर एक अमेरिकन मासिक पडलं होतं. मुखपृष्ठावर चौकटीच्या शर्टातला एक धिप्पाड माणूस हीच रायफल घेऊन उभा, पायाशी करडं जनावर.

"हा कसला कोल्हा?" राफाएलनं विचारलं.

"कायोटी," प्रिचर्ड म्हणाला. "कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं काहीतरी. तिकडे शिकारी दिवसभर माळरान तुडवतात, म्हणून त्यांना हलकी रायफल लागते. तोंडानं सशासारखा आवाज काढला की कायोटी दोन-तीन एकदम येतात, म्हणून भराभर गोळ्या झाडता यायला हव्यात. त्यांचं बरोबर आहे. पण तिकडे मैलोन्‌मैल माणूस नसतो. आपल्याकडे प्रत्येक कुंपणापलीकडे कुणी ना कुणी असतंच."

"म्हणजे ही घेऊ नको म्हणता?"

"मी दुकानदार आहे, दोन्ही विकतो." प्रिचर्डनं मान खाजवली. "तुम्ही अनुभवी आहात असं ऐकलंय. तुम्हीच सांगा, एका कोल्ह्याला तुम्हाला किती गोळ्या लागतात?"

राफाएलनं मासिक उलटं करून ठेवलं. "एक," तो म्हणाला.

"मग जडच घ्या. कुंपणाला टेकवून बसलात की वजन जाणवत नाही. जड नळी हलत नाही."

हे राफाएलला पटलं होतं. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला वजन आणि थरथर यांचं गणित कळत होतं. पण जड रायफल घेतली तर पहिली गोळी चुकल्यावर खटका ओढेपर्यंत जी शांतता पसरेल, ती त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्या शांततेत सगळ्यांना कळलं असतं की हा चुकला. हलकीत तसं नव्हतं. एक चुकली तर लगेच दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी, ऐकणाऱ्याला वाटावं सगळं ठरवूनच चाललंय.

"हात जरा दुखावलाय माझा," तो म्हणाला. "हलकीच बरी."

आणखी एक खोटं. प्रिचर्डनं रायफल गुंडाळली.

राफाएलची मुलगी जेमिमा तेव्हा चौदा वर्षांची. इथंच जन्मलेली, मराठी घरापुरती. बापानं मेणकापडाचं हिरवं जॅकेट घालून दाखवलं तेव्हा ती टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, तुमचा जॅकेट एकदम मस्त दिसते! रिअल फार्मरसारखा!" रेचल आत निघून गेली.

मार्च उजाडला. ॲटवेलबाईंनी राफाएलला जागा दाखवली. एका बाजूला कुंपणाची झुडपं, समोर उतार, आणि उताराच्या शेवटी खडूच्या जुन्या खाणीचा पांढरा उंच कडा. "कोल्हा या झाडीतून निघतो," बाई म्हणाल्या. "कड्यासमोर आला की मार. गोळी चुकली तरी खडूत रुतेल. कड्याच्या डावीकडे मात्र कधीही नाही. तिकडे कुंपणापलीकडे माझ्या गाभण मेंढ्या आहेत, आणि शेड आहे." त्यांनी हे दोनदा सांगितलं. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "तुला काय सांगायचं म्हणा. तू बिबटे मारलेत."

पहिल्या काही संध्याकाळी कोल्हा आलाच नाही. राफाएल मनातून सुटकेचा निःश्वास टाकत होता. पण मग एके दिवशी, ऊन कड्यावरून उतरत असताना, झाडीतून तांबूस काहीतरी अलगद बाहेर आलं. आग्रीपाड्यातल्या माणसाला वाटला होता त्याहून कोल्हा फारच देखणा होता. पाय काळे, शेपटीचं टोक पांढरं. कड्यासमोर तो थांबला आणि त्यानं मान वळवली.

राफाएलनं चाप ओढला. कड्यावर पांढरा धुरळा उडाला. कोल्हा पळाला, डावीकडे.

पुढचं राफाएलनं ठरवून केलं नाही. रायफल इतकी हलकी होती की ती कोल्ह्यामागे आपोआप वळत गेली. बोट हलत होतं, खांद्याला टप्पल बसत होती, कानात घणघण चालू होती. चुकलो, हे कुणाला कळायच्या आत लागलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. कडा कधी संपला, कुंपण कधी आलं, त्याला दिसलंच नाही. कोल्हा झुडपात शिरला तेव्हा तो थांबला. किती गोळ्या झाडल्या हेही त्याला सांगता आलं नसतं.

मग कुंपणापलीकडून मेंढ्यांचा कालवा ऐकू आला.

तो धावत गेला तेव्हा कळप एका कोपऱ्यात दाटला होता आणि मधल्या मोकळ्या गवतात एक मेंढी आडवी पडून पाय झाडत होती. शेडकडून ॲटवेलबाई धावत येत होत्या. त्यांनी आधी मेंढीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आधी ती बंदूक रिकामी कर," त्या म्हणाल्या.

त्यानं गोळ्या काढल्या. तोवर बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. मेंढीच्या मानेखालून रक्त वाहत होतं. बाईंनी तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. मेंढी निपचित पडताच त्यांनी खिशातली सुरी काढली आणि तिचं पोट उघडलं. राफाएलनं तोंड फिरवलं.

"बघ इकडे. हात लाव."

दोन कोकरं निघाली. एक मेलेलं होतं. दुसरं निळसर, ओलं, तेही मेल्यासारखंच. बाईंनी त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला हवेत झुलवलं, गवताची काडी नाकपुडीत घातली. कोकरू शिंकलं.

"जॅकेट काढ."

नव्या कोऱ्या हिरव्या जॅकेटात कोकरू गुंडाळलं गेलं. राफाएल म्हणाला, "मिसेस ॲटवेल, मी... मी मेंढीची भरपाई..."

"गप्प बस जरा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानंच त्याला जास्त लाज वाटली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बिबटे मारले होतेस का रे कधी?"

"नाही."

"दुसरं काही?"

"नाही. कागदावरसुद्धा नीट लागत नाही."

बाईंनी मान हलवली, जणू हवामानाचा अंदाज ऐकला. "शेडमध्ये अजून कितीतरी व्यायच्या आहेत. या पोराला दर चार तासांनी बाटलीनं दूध पाजायला मला हात नाहीत. तू घेऊन जा. जगवलंस तर गवत आलं की परत आण."

त्यांनी पोलिसांना फोन केला असता तर त्यांचं चुकलं नसतं. वाटभर राफाएल तेच घोकत होता. मागे डिकीत रायफल, शेजारच्या सीटवर जॅकेटात कोकरू.

रेचलनं दार उघडलं. त्याच्या शर्टावरचं रक्त पाहून ती किंचाळणारच होती. त्यानं तिला उंबऱ्यातच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कोकरू त्याच्या हातून घेतलं आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या चळतीवर ठेवलं. "जेमिमाला तुम्ही सांगा," एवढंच बोलली.

जेमिमा जिन्यावरून धडधडत आली. "ओ माय गॉड, बाबा! किती छोटी आहे तो! आई कुठे आहे त्याचा?"

"मेली," राफाएल म्हणाला.

"कोल्हाने मारलं?"

तो काही बोलला नाही. मुलीनं त्या गप्प राहण्याचा अर्थ हो असा घेतला, आणि त्यानं तिला तो घेऊ दिला.

कोकराचं नाव तिनं बटन ठेवलं. रात्रीचं पाजणं राफाएल करायचा. बाटली ओढताना कोकराची शेपटी गरागरा फिरायची आणि ते पाहून त्याला हसू यायचं, मग लगेच तोंड कडू व्हायचं. शाळेतल्या मैत्रिणी बटनला बघायला येत. जेमिमा सगळ्यांना सांगायची, "माझ्या डॅडनं वाचवलं त्याला." शेजारीपाजारी रस्त्यात थांबवून कौतुक करू लागले. राफाएल कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा अंधार पडल्यावर जाऊ लागला.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला लंडनमधल्या एजवेअरहून रेचलचा भाऊ रुबेन बायकोसह आला. मोठ्या आवाजाचा, जीव लावणारा माणूस. टेबलावर बेखमीर भाकरी, कडू पाला, खजुराचा शिरा. स्वयंपाकघरातून बटन बें बें करत होतं.

"काय भावोजी!" रुबेननं मांडी थोपटली. "मिसरात आपल्या लोकांनी कोकरू कापलं तेव्हा सुटका झाली. तुम्ही उलटंच केलंत, कोकराचीच सुटका केलीत! जेमिमा, सांग तुझ्या मामीला, बाबांनी कसं वाचवलं ते."

जेमिमा सांगू लागली. तिच्या गोष्टीत आता कोल्हा मेंढीच्या नरड्याला धरून बसला होता आणि बाबा नुसत्या हातांनी धावून गेले होते. राफाएलला ऐकताना क्लबातली ती खुर्ची आठवली. पोर आपल्याच वळणावर गेलीय, आणि वळण आपणच लावलंय. त्यानं रेचलकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती.

नंतर भांडी विसळताना ती हळूच म्हणाली, "तुमच्यासाठी मी खोटं बोलणार नाही. आणि खरंही मी बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही बोला. पण लवकर बोला हो."

बोलीन म्हणता म्हणता मे महिना सरत आला. बटन बागेतली फुलं खाऊन टणटणीत झालं होतं. एका रविवारी बापलेक त्याला गाडीत घालून परत द्यायला निघाले. जेमिमा वाटभर रडत होती. आज परतताना सांगायचंच, असं राफाएलनं मनाशी पक्कं केलं.

ॲटवेलबाईंनी बटनच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि पहिल्यांदाच राफाएलकडे बघून हसल्या. "छान वाढवलंस." मग जेमिमाला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी चूक केली, पण निस्तरली. सगळे निस्तरत नाहीत. मी स्वतः एकदा ट्रॅक्टर मागे घेताना कुत्रं चिरडलंय. गोळी लागली ती मेंढी माझी लाडकी होती, हे मात्र खरं."

"गोळी?" जेमिमानं विचारलं.

बाई थांबल्या. त्यांनी राफाएलकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळून चुकलं. "मला वाटलं, तिला ठाऊक आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

जेमिमाचं रडणं थांबलं होतं. ती बापाकडे वळली आणि मराठीत बोलली. बाईंना कळू नये म्हणून, की त्यालाच नीट कळावं म्हणून, कोण जाणे.

"बाबा, तू मारलास तिचा आई?"

एरवी ती त्याला तुम्ही म्हणायची.

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगितली..." पुढचे शब्द तिला मराठीत सापडले नाहीत. इंग्लिशमध्येही नाहीत. ती जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसली. येताना ती पुढे बसली होती. घरी आल्यावर तिनं शाळेतल्या मैत्रिणींना एकेकीला फोन केला आणि आपण सांगितलेलं खोटं होतं असं स्वतः सांगितलं. दार उघडंच होतं. राफाएल जिन्यावर बसून ऐकत होता. चौदा वर्षांची पोर जे एका दुपारी करत होती, ते त्याला अडीच महिन्यांत जमलं नव्हतं.

त्या ऑगस्टात शेजारच्या परगण्यातल्या एका छोट्या गावात एका माणसानं सेमी-ऑटोमॅटिक रायफलीनं रस्त्यात दिसेल त्याला गोळ्या घातल्या. टीव्हीवर सलग दोन दिवस तेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात राफाएल चहाच्या मशिनपाशी गेला तेव्हा बोलणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. एकानं फक्त विचारलं, "रॅफ, तुझ्याकडे तसलीच आहे ना?"

दुपारी रजा टाकून तो घरी आला, कपाटातली रायफल बाहेर काढली आणि परवान्यासकट पोलीस ठाण्यावर नेली. टेबलामागचा पोलीस म्हणाला, "अजून काही कायदा बदललेला नाही, साहेब. तुम्ही ठेवू शकता."

"मला ठेवायची नाही."

"कारण काय लिहू?"

राफाएलनं परवाना टेबलावर पुढे सरकवला. "मी ती चुकीच्या कारणासाठी घेतली होती," तो म्हणाला. पोलिसानं मान वर करून पाहिलं आणि लिहिलं, 'गरज उरली नाही.'

क्लबात तो अखेरचा गेला तो सेक्रेटरीला काकांच्या कांबळ्यांचं खरं सांगायला. तिथं सगळे जरा हसले. ते हसणं त्यानं उभ्यानं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी तसल्या रायफलींवर बंदीच आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, रॅफला आधीच कळलं होतं. त्याला काही कळलं नव्हतं, हे त्या माणसाला सांगायला तो मुद्दाम त्याच्या घरी गेला. रेचल म्हणाली, "आता पुरे झालं हो." पण त्याला ते पुरत नव्हतं.

दर मार्चला मात्र तो रजा काढून ॲटवेलबाईंच्या शेडवर जाऊ लागला. न बोलावता गेला होता पहिल्यांदा. बाईंनी त्याच्या हातात बादली दिली. हळूहळू तो अडलेली मेंढी धरायला शिकला, पायाळू कोकरू वळवून घ्यायला शिकला. कोल्ह्यांसाठी आता दुसरा कुणी यायचा. तो आला की राफाएल शेडच्या आत जाऊन थांबायचा.

असं पाच वर्षं चाललं. ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये दोघांनी मिळून शेडमधली जुनी गव्हाण हलवली, तिचा तळ कुजला होता म्हणून. गव्हाणीमागे पत्र्याच्या भिंतीत एक भोक होतं. बोटभर, वाटोळं, कडा आत वळलेल्या. भोकात लोकरीचा बोळा कोंबलेला होता. राफाएलनं बोळा काढला. भोकातून उजेडाची तिरीप आत आली. त्यानं वाकून बाहेर पाहिलं. समोर कुंपण, त्यापलीकडे उतार, आणि डाव्या अंगाला खडूचा कडा.

तो सरळ झाला. भोक त्याच्या छातीच्या उंचीवर होतं. बाई त्याच्याहून फार उंच नव्हत्या.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" त्यानं विचारलं.

ॲटवेलबाई गव्हाणीच्या फळ्या रचत होत्या. "इथंच होते. खाली वाकले होते. एक कोकरू सडाला तोंड लावत नव्हतं."

"पाच वर्षं तुम्ही बोलला नाहीत."

"तुझ्या हातात तेव्हा ते पिल्लू होतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही ओझी एकदम कशी देणार? आणि पुढे तू यायला लागलास. मग गव्हाण इथं सरकवली. झालं."

राफाएल पेंढ्यावर बसला. इतकी वर्षं तो एका मेंढीची लाज बाळगून होता, आणि मनात कुठेतरी असंही धरून होता की ती फिटत आलीय. बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "ऊठ आता. ती कोपऱ्यातली व्यायला बसलीय बघ."

तो उठला आणि कोपऱ्यातल्या मेंढीपाशी गेला. तिला तिळी झाली, तिन्ही जगली.

जेमिमा तेव्हा एडिनबराला युनिव्हर्सिटीत होती. एप्रिलमध्ये राफाएल आगगाडीनं तिला भेटायला गेला. रेचलला त्यानं सांगितलं, पोरीची आठवण येते. जेमिमानं त्याला वसतिगृहातल्या आपल्या खोलीत बसवलं, मगमध्ये चहा दिला. बापलेकीचं पुन्हा बरं जमलं होतं, पण त्या दिवसानंतर ती त्याला परत कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती. त्यालाही 'तू'च बरं वाटत असे.

चहा निवून गेला तरी त्यानं तोंड लावलं नव्हतं.

"बाबा, काय झाली? तू आजारी आहेस?"

"नाही. तुला एक सांगायचंय. या वेळी दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत." मग त्यानं भोकाचं सांगितलं. किती उंचीवर होतं ते उभं राहून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. काकांपासून, खुर्चीपासून, दुकानातल्या आरशापासून सगळं सांगितलं. आरशाचं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

जेमिमा पलंगावर पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. तुझी चूक नव्हती, असंही नाही. तिनं विचारलं, "आईला माहीत आहे हा भोक?"

राफाएलनं निवलेला चहा उचलून तोंडाला लावला.

"बाबा."

"नाही. तिला कसं सांगू?"

"मला सांगितलास तसं." जेमिमा उठली. तिनं टेबलाच्या खणातून सुटी नाणी काढली आणि त्याला दंडाला धरून बाहेरच्या बोळातल्या फोनपाशी नेलं. नाणी टाकून तिनं बेसिंगस्टोकचा नंबर फिरवला, रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

"हॅलो? पोचलात का?" पलीकडून रेचलचा आवाज आला. "जेवलात? पोर कशी आहे?"

"बरी आहे," राफाएल म्हणाला. "इथंच उभी आहे. रेचल, तू बसून घे जरा."

खुर्ची ओढल्याचा आवाज त्याला ऐकू आला. मग त्यानं बोलायला सुरुवात केली.